रस्ता राजारामचा, माणसं चंपाची

मनमोहनशेठचा फोन आला तेव्हा राजाराम कासारे घोडपदेवच्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसून तांदूळ निवडत होता. बायको गेल्यापासून तो ही कामं सावकाश करायचा, जरा जास्तच सावकाश.

"राजाराम, तुझं एक चित्र परत आलंय," शेठ म्हणाले.

"कुठलं चित्र, शेठ?"

"कुठलं म्हणजे? आपलं एकच तर होतं. गिरगावचा रस्ता. दादरचं ते लॉज नवीन करतायत, जुनं सगळं बाहेर काढलंय. मॅनेजर म्हणाला, ठेवता का, नाहीतर भंगारवाला नेईल. म्हटलं, दे पाठवून."

राजारामने सूप खाली ठेवलं. "माणसं आहेत का त्यात?"

"अरे, रस्ता म्हटल्यावर माणसं असणारच."

"तसं नाही, शेठ. चंपाची आहेत का?"

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाले, "आहेत. काजळी खूप बसलीय, पण आहेत. ती कमरेवर हात ठेवलेली बाईसुद्धा आहे."

मनमोहन धैर्यवान यांचं ठाकूरद्वारजवळ फ्रेमांचं दुकान. घराणं पाठारे प्रभूंचं, गिरगावात कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या दिवाणखान्यात एक जुनं तैलचित्र होतं. घोड्याच्या ट्रामच्या काळातला गिरगावचा रस्ता, उतरतं ऊन, दोन्ही बाजूंना लाकडी गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेली लुगडी आणि खाली रस्ताभर माणसं. कोणी काढलं ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा एका हॉटेलवाल्याने ते पाहिलं आणि अगदी असंच हवं म्हणून हट्ट धरला. शेठ हाताने नक्कल करणारा माणूस शोधू लागले, आणि कोणीतरी त्यांना राजारामचं नाव सांगितलं.

राजाराम तेव्हा परळच्या एका शेडमध्ये सिनेमाचे बॅनर रंगवायचा. फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. त्या रीतीने त्याने शेठच्या घरच्या चित्राची पहिली नक्कल केली. घरं हुबेहूब आली, गॅलऱ्यांचे कठडे आले, ट्राम आली, घोडासुद्धा आला. शेठनी चष्मा लावून चित्र बारकाईने पाहिलं.

"सगळं झकास आहे, राजाराम. पण ही माणसं आहेत की दिव्याचे खांब?"

राजारामला जनावर जमायचं, माणूस जमायचा नाही. बॅनरवर नटनट्यांचे चेहरे उस्ताद काढायचे. याच्या वाट्याला मागचे डोंगर, मोटारी आणि इमारती यायच्या. तो नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आपल्या खोलीत चित्र घेऊन परत आला आणि भिंतीला टेकवून बसून राहिला.

चंपा त्या काळात लालबागच्या खेळण्यांच्या कारखान्यातून बाहुल्यांची डोकी घरी आणायची. त्यांचे डोळे रंगवून द्यायचे, हे तिचं काम. एका केसाएवढ्या ब्रशने ती पापणी काढायची, तीही तांदूळ शिजेपर्यंतच्या वेळात. तिने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ह्यांना माना कुठे आहेत? माणूस आधी मानेत दिसतो. कंटाळलाय का, घाईत आहे का, सगळं मानेत."

"मग तू काढ."

"मी? आणि बिघडलं म्हणजे? तुमची महिन्याची मेहनत पाण्यात."

तिला भीती वाटू नये म्हणून राजारामने एक सोय केली. रस्ता, घरं, आभाळ तो पूर्ण करायचा, चांगलं खडखडीत वाळू द्यायचा आणि त्यावर व्हार्निशचा हात मारायचा. त्या व्हार्निशवर चंपाने माणसं काढायची. "चुकलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून टाक," तो म्हणाला. "व्हार्निशबरोबर तुझा माणूस निघून येईल, खाली माझा रस्ता तसाच राहील." माणसं वाळली की शेवटी सगळ्यावर पुन्हा एक हात व्हार्निशचा. इतक्या वर्षांत चंपाने एकही माणूस पुसला नाही.

सावल्या मात्र राजारामच्या. सावली रस्त्यावर पडते, म्हणजे ती रस्त्याचा भाग, असं त्याचं म्हणणं. तेव्हा माणसांच्या आधी त्यांच्या सावल्या यायच्या. कोण कसं उभं राहणार हे चंपा आधी सांगायची, कधी दिव्यासमोर स्वतः उभी राहून भिंतीवर सावली पाडून दाखवायची. मग ती रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणायची, "काय हो हे, कर्फ्यू लागल्यासारखं. चला, बिऱ्हाडं येऊ द्या आता." आणि ब्रश घेऊन बसायची.

बिऱ्हाडं येत ती चाळीतलीच. कपडे जुन्या चित्रातले, पगडी, उपरणं, नऊवारी. आत माणूस नायगावचा. पखालवाला भिस्ती म्हणून तिने समोरच्या खोलीतला सीताराम उभा केला. गिरणीत पाय अधू झाल्यापासून त्याचा एक खांदा खाली असायचा, तो तसाच. मूळ चित्रात एक लहान मुलगी बापाचं बोट धरून चालली होती. चंपाने तिथे आपल्या मानसीला काढलं, आणि मानसी कधी कोणाचं बोट धरून चालली नाही म्हणून तिला चार पावलं पुढे पळवलं. फुलवालीच्या जागी शेजारची नलू, उजवा हात कमरेवर.

शेठच्या ते लक्षात आलं होतं. "चंपाबाई, आमच्या चित्रातली फुलवाली गरीब आहे हो. खाली मान घालून बसलीय. ही तर भांडायला उभी राहिल्यासारखी दिसते."

"शेठ, तुमचीच्या फुलांचा भाव कोणी पाडून मागितला नसेल," चंपा म्हणाली. "हिच्या मागितलाय."

शेठ हसले होते. त्यानंतर गिऱ्हाइकंच म्हणू लागली, ती कमरेवर हात ठेवलेली बाई असलेलं चित्र द्या.

असे कितीतरी रस्ते त्या एका खोलीतून बाहेर गेले. हॉटेलांत, वकिलांच्या ऑफिसांत, लग्नाच्या हॉलमध्ये. घरी एकही राहिला नाही. एवढं मोठं कापड लावायचं कुठे? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फळी, फळीखाली शिलाई मशीन. "पुढचं आपल्याला ठेवू," चंपा दर खेपेला म्हणायची आणि दर खेपेला टेम्पो दारात यायचा. मग फ्लेक्स आले, छापील चित्रं आली, हातच्या नकला कोणी मागेना. त्याच सुमाराला मधुमेहाने चंपाचे डोळे नेले. तिने तो बारीक ब्रश धुतला, पुसला आणि डब्यात ठेवला. तक्रार अशी केली नाही. फक्त कधीतरी जेवताना विचारायची, "अहो, त्या दादरच्या लॉजमध्ये अजून असेल का हो आपली नली?"

चाळ पुनर्विकासाला गेली, शेजार पांगला. कोणी भाड्याने शिवडीला गेलं, कोणी कळव्याला, राजाराम आणि चंपा घोडपदेवला. नवी इमारत उभी राहायच्या आधीच चंपा गेली. येत्या रविवारी तिचा पहिला स्मृतिदिन होता. वंदनेला चाळीतली जुनी माणसं येणार होती, आणि नेमका त्याच आठवड्यात शेठचा फोन आला.

राजारामने टॅक्सी केली. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. शेठचे मुलगे आता ते चालवणार नव्हते. काउंटरला टेकवलेलं चित्र त्याने पाहिलं. लॉजच्या जेवणघरात टांगलेलं असावं. धूर, तेलकटपणा, उदबत्त्यांची काजळी, आणि त्याखाली पिवळं पडलेलं व्हार्निश. चहाच्या गाळातून बघावा तसा रस्ता दिसत होता. पण नलूचं कोपर दिसत होतं. सीतारामचा खांदा दिसत होता.

"घेऊन जा. तुझंच आहे," शेठ म्हणाले. ते आता खुर्चीतून उठत नव्हते.

"चंपाचं आहे, शेठ. रविवारी सगळी येतायत. प्रत्येकाला त्याचं त्याचं दाखवतो. आधी साफ करतो मस्त."

"तब्येत बरी नाही तुझी. एक पोरगा आहे माझ्या ओळखीचा, पाठवू का पुसायला?"

"शेठ, काय बोलता? तुमच्या गिऱ्हाइकांचे आजे-पणजे कोणी धुऊन दिले?"

ते खरंच होतं. नकला बंद झाल्यावर शेठनी त्याला जुनी तैलचित्रं साफ करायचं काम दिलं होतं. घरोघरचे पगडीवाले आजोबा, नथवाल्या आज्या, वर्षानुवर्षांच्या धुराने काळ्या झालेल्या. राजारामची रीत ठरलेली. आधी कोपऱ्यात बोळ्याने थोडं पुसून बघायचं. मग जिथे थर जाड, तिथे टर्पेंटाइनमध्ये थोडं स्पिरिट घालून भिजवलेलं मलमलचं फडकं पसरायचं, चहा पिऊन यायचं आणि फडकं अलगद उचलायचं. काजळी आणि जुनं व्हार्निश दोन्ही फडक्याला लागून येत, आणि खालून आजोबा टवटवीत चेहऱ्याने बाहेर येत. एकदाही त्याचा हात चुकला नव्हता.

शुक्रवारी दुपारी त्याने चित्र खोलीच्या मधोमध जमिनीवर आडवं ठेवलं. खिडक्या उघडल्या. आभाळाच्या कोपऱ्यात बोळा फिरवला. बोळा तपकिरी झाला आणि खालून निळा रंग वर आला. त्याने स्वतः लावलेला, त्याला वाटत होता त्याहून जास्त निळा. तो एकटाच हसला. आभाळ झालं, गॅलऱ्या झाल्या, लुगडी एकेक करून उजळली. खाली रस्त्यावर मात्र काजळीचा थर फारच जाड होता. त्याने फडकं भिजवलं, पिळलं आणि सगळ्या रस्त्यावर नीट पसरलं, एकही सुरकुती राहू दिली नाही. मग गॅसवर चहा ठेवला.

चहा पिताना मानसीचा फोन आला. ती परळच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन होती.

"पप्पा, रविवारी जेवणाचं सांगितलंय मी. तुम्ही काही करू नका. आणि ते काय दाखवणार आहात म्हणे सगळ्यांना? नलूमावशीचा फोन आला होता, विचारत होती."

"येऊ दे तर सगळ्यांना. मग बघ."

"मला तरी सांगा."

"तुला तर मुळीच नाही. तू त्यात पळतेयस, एवढं सांगतो."

"पळतेय? कुठे?"

"बघशील." तो इतकं बोलत नसे. त्या दिवशी बराच वेळ बोलला. चंपा काय म्हणायची, चाळीतली लाइट गेली की कशी मेणबत्तीवर माणसं काढायची. मानसी ऐकत राहिली. बापाचा असा आवाज तिने वर्षभरात ऐकला नव्हता.

फोन ठेवून तो आला, गुडघ्यावर बसला आणि फडक्याची दोन टोकं धरून ते अलगद उचललं.

खालचा रस्ता लख्ख होता. इतका स्वच्छ रस्ता आपण कधी काढला होता हे त्याला आठवेना. ट्रामचे रूळ चमकत होते. घोडा उभा होता, मागे ट्राम होती, ट्रामवर कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. उतरत्या उन्हात सगळ्या सावल्या मात्र जागच्या जागी पडलेल्या होत्या, लांब, निळसर, एकही न हललेली.

आधी त्याला काही कळलंच नाही. वाटलं, फडकं अजून उचलायचं राहिलंय. मग त्याने हातातलं फडकं पाहिलं. काजळीच्या चिखलात लाल होता, पिवळा होता, पगडीचा किरमिजी होता, कातडीचा रंग होता. त्याने ते पटकन उलटं करून पुन्हा रस्त्यावर टेकवलं, जणू माणसं उतरून जागेवर जातील. मग उचललं. स्वच्छ रस्त्यावर एक राखाडी डाग पडला होता, तेवढंच.

आजे-पणजे व्हार्निशच्या खाली होते. चंपाची माणसं व्हार्निशच्या वर होती. हे जगात एकाच माणसाला सांगायची गरज नव्हती, कारण ती सोय त्यानेच केली होती. चुकलं तर पुसून टाक, खाली माझा रस्ता तसाच राहील. रस्ता तसाच राहिला होता.

त्या दिवशी त्याने गॅस पुन्हा पेटवला नाही. फडकं मोरीतल्या दोरीवर टाकलं. फेकवेना, धुववेनाही.

रविवारी खोली भरली. मेणबत्ती लागली, चंपाच्या फोटोला हार घातला, त्रिशरण, पंचशील झालं. शिवडीहून, कळव्याहून आलेली माणसं एकमेकांची गुडघेदुखी विचारत बसली. राजाराम दाराशी चपलांजवळ बसून होता. चित्र त्याने भिंतीकडे तोंड करून कपाटाआड उभं केलं होतं. मानसीने दोनदा विचारलं, त्याने दोनदा नंतर म्हणून टाळलं.

नलूला नंतर वगैरे चालत नसे. आता तिचे केस पांढरे झाले होते, हात मात्र होता तिथेच, कमरेवर. "भाऊजी, फोनवर केवढं कौतुक केलंत आणि आता तोंड लपवून बसलात. हेच ना ते?" असं म्हणत तिने चित्र ओढून बाहेर काढलं आणि उजेडाकडे वळवलं.

सगळे पाहू लागले. रस्ता सुंदर होता, हे कोणालाही दिसत होतं.

"अगं बाई," नलू म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "हे अर्धंच राहिलं होय तिचं? माणसं काढलीच नाहीत. डोळे गेले असतील तेव्हाच, बिचारीचे."

राजारामला वाटलं, असंच राहू द्यावं. सगळ्यांनी मान हलवली असती, हळहळ केली असती, आणि जेवायला बसली असती. चंपाकडून राहिलं, एवढंच झालं असतं. त्याने चंपाच्या फोटोकडे पाहिलं.

"तिचं काही राहिलं नव्हतं," तो म्हणाला. "सगळी काढली होती तिने. मी पुसली. परवा, साफ करताना."

मग त्याने फडक्याचं सांगितलं. आवाज न चढवता, क्रमाने, कसं भिजवलं, कसं पसरलं, चहा केव्हा ठेवला. मानसी उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. परवाचा फोन तिला आठवला असावा. तिने तोंडाला पदर लावला.

नलू गुडघा धरत खाली बसली आणि चित्राच्या अगदी जवळ गेली. एका सावलीवर तिने बोट ठेवलं. सावलीच्या कुशीत, कोपर आणि कंबर यांच्या मधे, उन्हाचा एक लहानसा त्रिकोण होता.

"ही मी," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा सीताराम. खांदा बघा. मेला तरी खांदा तसाच." सीतारामला जाऊन तीन पावसाळे झाले होते. त्याची सून मागे उभी होती, ती पुढे आली, वाकली आणि त्या सावलीकडे बघत राहिली.

एकेकजण पुढे येऊ लागला. पानाच्या दुकानाशी दोन सावल्या डोकी जवळ आणून उभ्या होत्या, त्या कोणाच्या यावर थोडी वादावादीसुद्धा झाली. कोणीतरी हसलं. कडेला एक छोटी सावली होती, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, हात पुढे.

"पप्पा, ही मी? पळतेय ती?"

"तीच तू."

मानसी बराच वेळ ती सावली पाहत होती. मग तिने बाकीच्या सावल्यांवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे.

"आणि मम्मी कुठली?"

राजारामलाही शुक्रवारपासून तेच सापडत नव्हतं. एकदा तो चंपाला म्हणाला होता, तू पण ये की ह्यात, फुलवालीशेजारी जागा आहे, सावली टाकून ठेवतो. ती म्हणाली होती, मी कशाला? सगळ्यांना आत सोडायला कोणीतरी बाहेर नको का?

"ती नाही ह्यात," तो म्हणाला. "तिने स्वतःला कधी काढलंच नाही. ही माणसं, हीच ती होती."

नलूने डोळे पुसले आणि जरा रागानेच म्हणाली, "मग आता तुम्ही काढा की, भाऊजी. जागा तर सगळ्या दिसतायत. कोण कुठे ते आम्ही सांगतो. बसा ब्रश घेऊन."

कोणीतरी फळीवरचा डबाही काढला. तो केसाएवढा ब्रश त्यात होता, धुऊन पुसून ठेवलेला. राजारामने तो हातात घेतला, टोक अंगठ्यावर फिरवून पाहिलं. अजून मऊ होतं.

"मला रस्ता येतो, नलूताई," तो म्हणाला. "माणसं येत नाहीत."

त्याने ब्रश परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग सगळ्यांना म्हणाला, चला, पानं घ्या, भात गार होतोय.